उद्योगसंस्थांची सहउत्क्रांती

पुरवठा, तंत्रज्ञान किंवा सामायिक सोयी यांनी जोडलेल्या उत्पादक संस्था दीर्घकाळ सोबत काम करताना परस्परांच्या प्रभावाने बदलत जातात. या प्रक्रियेस उद्योगसंस्थांची सहउत्क्रांती असे म्हणतात. खरेदीदार आणि पुरवठादार यांचे नाते केवळ मालाच्या देवघेवीपुरते नसते, हे या संकल्पनेचे मुख्य सूत्र आहे. एकाने यंत्र बदलले की दुसऱ्याला साचा बदलावा लागतो. एकाने नवे कसब मिळवले की दुसऱ्याला नवे उत्पादन करणे शक्य होते आणि एकाचा बाजार बुडाला की दुसऱ्याची यंत्रशाळा ओस पडते. अशा रीतीने दोघांचीही घडण एकमेकांच्या मापाने होत जाते. या जुळणीतून कार्यक्षमता वाढते, तसेच परावलंबनही वाढते.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या लगतच्या तालुक्यांत ही प्रक्रिया निरनिराळ्या स्वरूपांत आढळते. शिरूर तालुक्यातील रांजणगाव येथे मोटारी व घरगुती उपकरणे यांचे, तर दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथे रसायने व औषधे यांचे कारखाने आहेत. ऊस, साखर आणि गूळ यांचे जुने जाळे दोन्ही तालुक्यांत पसरलेले आहे.

संज्ञा व पूर्वपीठिका

सहउत्क्रांती हा शब्द जीवशास्त्रातून आला. पॉल एर्लिच व पीटर रेव्हन या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये फुलपाखरे आणि त्यांच्या अळ्यांचे खाद्य असलेल्या वनस्पती यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वनस्पती स्वसंरक्षणासाठी विषारी द्रव्ये निर्माण करतात, काही अळ्या ती पचवण्याची क्षमता मिळवतात आणि त्यामुळे वनस्पतीत पुन्हा बदल घडतो, असे त्यांनी दाखवले. दोन्ही बाजूंच्या बदलाचे कारण परस्परांत असते, हा त्यातील गाभा व्यवस्थापनशास्त्राने पुढे उचलला. उपमा म्हणून ती उपयुक्त असली तरी तिला मर्यादा आहे. अळी करारावर सही करत नाही आणि वनस्पतीला न्यायालयात दाद मागता येत नाही. उद्योगसंस्था या दोन्ही गोष्टी करू शकतात; निदान कागदोपत्री तरी करू शकतात.

अर्थशास्त्रात या विचाराचे मूळ त्याहून जुने आहे. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० च्या आपल्या ग्रंथात एकाच परिसरात एकवटलेल्या लहान उद्योगांचे विवेचन केले. अशा ठिकाणी कुशल कामगार सहज मिळतात, पूरक धंदे उभे राहतात आणि व्यवसायातील खुब्या एकाकडून दुसऱ्याकडे आपोआप पोहोचतात, असे त्यांचे निरीक्षण होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानी मोटार उद्योगाच्या अभ्यासाने त्यात भर पडली. टोयोटाच्या पुरवठादारांची ‘क्योहोकाई’ ही संघटना १९४३ पासून अस्तित्वात आहे. तिचे सभासद एकमेकांचे कारखाने पाहतात आणि दोष कमी करण्याचे उपाय एकमेकांना दाखवतात. १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयसिन या पुरवठादाराच्या कारिया येथील कारखान्याला आग लागली. ब्रेकसाठी लागणारा एक छोटा व्हॉल्व्ह टोयोटाला जवळजवळ सर्वस्वी तेथूनच मिळत असल्याने टोयोटाचे बहुतेक कारखाने थांबले. तेव्हा इतर अनेक पुरवठादारांनी आपापल्या यंत्रांवर तो व्हॉल्व्ह तयार करून दिला आणि सुमारे आठवडाभरात उत्पादन पूर्वपदावर येऊ लागले. एकाच पुरवठादारावर विसंबण्याचा धोका आणि एकत्र वाढलेल्या जाळ्याचे बळ या दोन्ही गोष्टी या एका घटनेत दिसतात.

प्रक्रियेचे स्वरूप

सहउत्क्रांतीची सुरुवात बहुधा आराखड्यापासून होते. जपानी अर्थशास्त्रज्ञ बानरी आसानुमा यांनी १९८९ मध्ये पुरवठादारांचे दोन प्रमुख प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात मोठी कंपनी सुट्या भागाचा आराखडा स्वतः तयार करून देते आणि पुरवठादार त्याबरहुकूम माल बनवतो. दुसऱ्या प्रकारात पुरवठादार आराखडा तयार करतो आणि कंपनी तो मंजूर करते. पहिल्यातून दुसऱ्यात जाणे ही पुरवठादाराच्या वाढीची खरी खूण मानली जाते. पहिल्या अवस्थेत तो आपली यंत्रे आणि मजुरी विकत असतो. दुसऱ्या अवस्थेत तो आपले ज्ञान विकू लागतो.

डायच्या उदाहरणाने ही गोष्ट स्पष्ट होते. पत्र्याचा एखादा भाग दाबून काढण्यासाठी किंवा प्लॅस्टिकचा भाग ओतण्यासाठी पोलादी डाय अथवा साचा लागतो. मोटार उद्योगात त्याचा खर्च पुष्कळदा खरेदीदार कंपनी करते आणि मालकीही तिचीच राहते; साचा मात्र पुरवठादाराच्या शेडमध्ये असतो. तो कोठे झिजतो, कोणत्या तापमानाला माल वाकडा येतो, कोणत्या कोपऱ्यात भेग पडते, हे त्यावर रोज काम करणाऱ्या कामगारालाच नेमके ठाऊक असते. हे ज्ञान आराखड्यात नोंदलेले नसते. कंपनीने साचा उचलून दुसऱ्या पुरवठादाराकडे नेला तर लोखंड जाते, पण हे ज्ञान मागे राहते. त्यामुळे कागदावर सोपी वाटणारी पुरवठादाराची अदलाबदल प्रत्यक्षात महाग पडते.

याची दुसरी बाजूही आहे. एकाच ग्राहकाच्या मापाने पुरवठादाराने यंत्रे, गेज आणि फिक्स्चर उभारली की ती इतरत्र क्वचितच उपयोगी पडतात. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ ऑलिव्हर विल्यमसन यांनी अशा गुंतवणुकीच्या परिणामांचे सविस्तर विश्लेषण केले. गुंतवणूक एकदा झाली की ज्याच्यापुढे पर्याय कमी, त्याची अडवणूक होऊ शकते. ही भीती दोन्ही बाजूंना असते. म्हणूनच काही कंपन्या पुरवठादार विकत घेतात, काही भागीदारी करतात आणि काही एकाच भागासाठी मुद्दाम दोन पुरवठादार ठेवतात. शेवटचा मार्ग भारतात बराच रूढ आहे. त्यात दर खाली राहतो. मात्र उद्या ऑर्डर राहील की नाही याची खात्री नसलेला पुरवठादार नव्या यंत्रावर पैसे घालण्यास कचरतो.

शिरूर व दौंडचा परिसर

दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. शिरूरला पूर्वी घोडनदी म्हणत. भीमा आणि घोड या नद्या व कालवे यांच्या काठी ऊस आणि त्यापलीकडे जिरायत, अशी येथील शेतीची जुनी विभागणी आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली. मात्र आरंभी पुणे जिल्ह्यातील मोठे कारखाने पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी याच पट्ट्यात एकवटले. १९९० च्या दशकात उद्योग पुणे–अहमदनगर रस्त्याने पूर्वेकडे सरकले. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे स्थान म्हणून ज्ञात असलेले रांजणगाव त्यानंतर औद्योगिक वसाहत म्हणूनही ओळखले जाऊ लागले. याच रस्त्यावरील कोरेगाव भीमा, सणसवाडी आणि शिक्रापूर ही गावेही कारखान्यांनी वेढली गेली. शिक्रापूरहून एक रस्ता चाकण व तळेगावकडे जातो, तर शिरूरहून न्हावरे मार्गे दुसरा रस्ता दौंड तालुक्यातील चौफुल्यास पुणे–सोलापूर महामार्गाला मिळतो. सुट्या भागांच्या गाड्यांना पुणे शहरात न शिरता ये-जा करता येते, ही या भागाच्या वाढीतील साधी पण महत्त्वाची बाब आहे.

सणसवाडी येथील ट्रॅक्टर कारखाना हे भागीदारीचे एक उदाहरण आहे. अमेरिकेच्या जॉन डिअर कंपनीने भारतात पाऊल ठेवताना लार्सन अँड टुब्रो या भारतीय कंपनीशी संयुक्त उपक्रम केला. एका बाजूला ट्रॅक्टरचे तंत्र होते, तर दुसऱ्या बाजूला भारतातील कामाचा अनुभव होता. २००५ मध्ये जॉन डिअरने भागीदाराचा हिस्सा विकत घेतला. परस्परांकडून शिकून झाल्यावर भागीदारी संपणे यात अपयश असतेच असे नाही. काही नाती विशिष्ट टप्प्यापुरतीच आवश्यक असतात.

रांजणगाव : एक इंजिन आणि अनेक गाड्या

सहउत्क्रांतीचे या परिसरातील सर्वांत बोलके उदाहरण रांजणगाव येथील फियाट व टाटा यांच्या संयुक्त कारखान्याचे आहे.

इटलीच्या फियाट कंपनीचा भारताशी संबंध जुना आहे. मुंबईच्या कुर्ला येथील प्रीमियर कारखान्यात तिच्या परवान्याने बनलेली मोटार ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने घराघरांत पोहोचली होती. पुढे कंपनीने रांजणगाव येथे स्वतःचा मोठा कारखाना उभारण्याचे ठरवले. तथापि तिच्या गाड्यांचा खप अपेक्षेइतका होत नव्हता. त्याच काळात टाटा मोटर्सला आपल्या लहान गाड्यांसाठी आधुनिक डिझेल इंजिन हवे होते. फियाटकडे इंजिन होते पण ग्राहक नव्हते. टाटांकडे विक्रेत्यांचे जाळे होते पण तसे इंजिन नव्हते. २००६ पासून टाटांच्या विक्रेत्यांकडे फियाटच्या गाड्या मिळू लागल्या आणि २००७ मध्ये रांजणगावच्या कारखान्यासाठी समसमान भागीदारीचा करार झाला.

या भागीदारीच्या केंद्रस्थानी १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन होते. १,२४८ घनसेंटिमीटर क्षमतेचे हे चार सिलिंडरचे इंजिन युरोपात २००३ मध्ये आले. रांजणगाव येथे ते फियाटच्या लिनिया व पुंटो या गाड्यांत बसवले गेले, तसेच टाटांच्या इंडिका व्हिस्टा आणि इंडिगो मांझा यांतही ‘क्वाड्राजेट’ या नावाने बसवले गेले. दरम्यान मारुती सुझुकीने हेच इंजिन फियाटच्या परवान्याने हरियाणातील मानेसर येथे बनवून २००७ पासून स्विफ्ट डिझेलमध्ये वापरण्यास सुरुवात केली होती. इतक्या गाड्यांत ते आढळू लागले की मोटारविषयक लेखनात त्याला ‘भारताचे राष्ट्रीय इंजिन’ असे गमतीने म्हटले जाऊ लागले.

पुढील वळण सरकारच्या इंधनधोरणामुळे आले. जून २०१० मध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले. डिझेल मात्र सवलतीतच राहिले. दोन्ही इंधनांच्या दरांतील अंतर वाढत गेले आणि ग्राहक डिझेल गाड्यांकडे वळले. मारुतीला मानेसरचे उत्पादन अपुरे पडू लागले. जानेवारी २०१२ मध्ये तिने फियाटकडून वर्षाला १ लाखापर्यंत इंजिने विकत घेण्याचा करार केला. म्हणजे बाजारात फियाटला सहज मागे टाकणारी कंपनी फियाटच्याच कारखान्याची ग्राहक बनली. स्वतःच्या गाड्या फारशा न खपताही रांजणगावची इंजिनशाळा प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्यांमुळे कामात राहिली.

विक्रीच्या बाजूने मात्र ही जोडी जमली नाही. एकाच दालनात दोन कंपन्यांच्या गाड्या उभ्या असल्या की विक्रेता स्वाभाविकपणे आपल्या मूळ कंपनीच्या गाडीकडे ग्राहकाला नेतो. २०१२ मध्ये फियाटची विक्रीव्यवस्था वेगळी करण्याचा निर्णय जाहीर झाला. कारखाना मात्र सामायिकच राहिला. या घटनेतून एक महत्त्वाचा भेद लक्षात येतो. एकत्र घडवण्यासाठी एकमेकांची मोजमापे, वेळापत्रके आणि दोषांच्या नोंदी उघड कराव्या लागतात, आणि त्या उघड केल्याने दोघांचाही लाभ होतो. विक्रीत तसे होत नाही. तेथे ग्राहक एकाला मिळाला की दुसऱ्याच्या हातून जातो.

पुढच्या काळात दोन्ही भागीदार आणखी बदलले. टाटांनी स्वतःची पेट्रोल व डिझेल इंजिने विकसित केली आणि २०१७ मध्ये आलेली नेक्सॉन ही गाडी, टाटांच्याच इंजिनांसह, रांजणगावच्या सामायिक कारखान्यात तयार होऊ लागली. उसने इंजिन घेऊन सुरुवात करणारा भागीदार दहा वर्षांत त्याच छपराखाली आपले इंजिन असलेली गाडी बनवू लागला. त्याच वर्षी जीप कंपास या गाडीचे उत्पादनही तेथे सुरू झाले आणि उजव्या हाताला सुकाणू असलेल्या देशांत तिची निर्यात होऊ लागली. तिच्यातील २ लिटरच्या डिझेल इंजिनाचे उत्पादन पुढे रांजणगाव येथे होऊ लागले. २०१९ मध्ये बाजारात आलेल्या टाटा हॅरियर आणि एमजी हेक्टर या गाड्यांतही तेच इंजिन होते. दुकानात एकमेकींशी झुंजणाऱ्या तीन गाड्यांचे हृदय असे एकाच वसाहतीत घडत होते.

१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ ही प्रदूषणविषयक मानके लागू झाली. चौथ्या टप्प्यावरून थेट सहाव्यावर उडी घेताना लहान डिझेल इंजिनाला जी धूरशुद्धीकरणाची उपकरणे जोडावी लागतात, त्यांचा खर्च लहान गाडीच्या किमतीत बसेनासा झाला. मारुतीने डिझेल गाड्या थांबवल्या आणि १.३ लिटरच्या मल्टिजेटचे भारतातील उत्पादनही संपुष्टात आले. मोठे २ लिटरचे इंजिन महाग गाड्यांत असल्याने हा खर्च पेलून टिकले. एका इंजिनासोबत शेकडो लहान भागांचे आराखडे, साचे आणि गेज निकामी होतात. त्यांच्या उभारणीसाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते मात्र इंजिनासोबत थांबत नाहीत. मोठ्या कारखान्याला दुसरी गाडी आणून तीच शेड वापरता येते. एकाच भागावर उभ्या असलेल्या यंत्रशाळेकडे तेवढी फुरसत किंवा भांडवल असतेच असे नाही. आता विजेवर चालणाऱ्या गाड्यांमुळे हाच प्रश्न पिस्टन, इंजेक्टर, सायलेन्सर आणि गिअर बनवणाऱ्यांपुढे अधिक व्यापक स्वरूपात उभा आहे.

घरगुती उपकरणांचा समूह

रांजणगाव येथे दक्षिण कोरियाच्या एलजीचा कारखाना २००४ मध्ये सुरू झाला. अमेरिकेच्या व्हर्लपूलचा शीतकपाटांचा कारखानाही येथेच आहे. चीनच्या हायरने २००७ मध्ये अँकर देवू कंपनीचा येथील शीतकपाटांचा कारखाना विकत घेऊन भारतातील उत्पादनास प्रारंभ केला आणि २०१७ मध्ये त्याचा मोठा विस्तार केला. हायरने आयता कारखाना निवडण्यात वेळेची बचत होतीच; पण तयार कारखान्याबरोबर त्या कामाला सरावलेले कामगार आणि भोवतीचे पुरवठादारही मिळतात. मार्शल यांचे निरीक्षण येथे पुन्हा आठवते.

शीतकपाटाला लागणारा पत्रा, प्लॅस्टिकचे आतील अस्तर, दाराचे रबर, तारांचे जुडगे, पुठ्ठा व थर्माकोल यांतील बहुतेक वस्तू आकाराने मोठ्या आणि वजनाने हलक्या असतात. त्या दुरून आणल्यास ट्रकमध्ये बरीचशी हवाच वाहून आणली जाते. म्हणून असे पुरवठादार कारखान्याच्या जवळच येतात, आणि एकदा आले की शेजारच्या दुसऱ्या कारखान्याचेही काम मिळवू पाहतात. याउलट लहान, वजनदार आणि अतिशय काटेकोर असा कॉम्प्रेसर लांबूनही, प्रसंगी परदेशातूनही, आणणे परवडते. कोणता धंदा एकत्र वाढेल आणि कोणता दूरच राहील, हे अशा वाहतुकीच्या साध्या गणितावर पुष्कळ अवलंबून असते.

या क्षेत्रात बदलाची दिशा बऱ्याच अंशी नियमांनी ठरवली. ओझोन थराच्या रक्षणासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार शीतकपाटातील वायू बदलले. भिंतीतील फेस फुगवण्यासाठी वापरले जाणारे एचसीएफसी-१४१बी हे रसायन भारताने १ जानेवारी २०२० पर्यंत वापरातून काढले. विजेच्या बचतीचे तारांकन २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री शीतकपाटांना सक्तीचे झाले. फेसाचे रसायन बदलले की तो भरणारे यंत्र बदलते, ज्वलनशील पर्याय असेल तर शेडमधील वायुवीजन व वीजजोडणी बदलते आणि आतील अस्तराचे प्लॅस्टिकही तपासून घ्यावे लागते. असा बदल कोणत्याही एका संस्थेला एकटीने करता येत नाही. नियम एकाच्या नावे येतो, पण पाळावा साऱ्या साखळीला लागतो.

कुरकुंभ : सामायिक सांडपाणी

दौंड तालुक्यातील कुरकुंभ वसाहतीचे स्वरूप निराळे आहे. येथील सिप्ला, एमक्युअर, अल्किल अमाइन्स आणि क्लीन सायन्स यांसारख्या कंपन्या औषधे, औषधांचा कच्चा माल आणि विशेष रसायने बनवतात. त्यांतील काही संस्था पुरवठादारांवर विसंबण्याऐवजी साखळीच आपल्या आवारात आणतात. क्लीन सायन्स ही कंपनी ॲनिसोल हे रसायन स्वतः बनवते आणि त्यापासून एमईएचक्यू व ग्वायाकोल यांसारखी पुढची रसायने तयार करते. एका प्रक्रियेतून निघणारी दोन्ही उत्पादने विकता आली तरच असे गणित जुळते. जाळे विणण्याला हा पर्याय असून, सहउत्क्रांती सर्वत्र अपरिहार्य नसते हे त्यावरून दिसते.

तथापि शेजाऱ्यापासून पूर्णपणे अलिप्त राहणे कुरकुंभ येथेही कोणाला शक्य नाही, कारण सांडपाणी सर्वांचे आहे. वसाहतीत सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. अशा केंद्रातील मुख्य काम सूक्ष्मजीव करतात. प्रत्येक कारखान्याने आपल्या पाण्यावर प्राथमिक प्रक्रिया करून ते ठरलेल्या मर्यादेत सोडावे, अशी अपेक्षा असते. एखाद्याने रात्री तीव्र आम्लाचे किंवा विषारी पाणी सोडले तर टाकीतील जिवाणू मरतात आणि नियम पाळणाऱ्या इतरांच्या पाण्याचीही शुद्धी होत नाही. म्हणून येथे सभासदांना एकमेकांच्या शिस्तीवर विसंबावे लागते. परस्परांना माल न विकणाऱ्या संस्थाही अशा तऱ्हेने बांधल्या जातात. त्यांच्या बेशिस्तीची किंमत मात्र प्रथम गावाला मोजावी लागते. विहिरी व ओढे यांचे पाणी बिघडल्याच्या तक्रारी कुरकुंभ आणि पांढरेवाडी परिसरातून वेळोवेळी झाल्या आहेत. औद्योगिक जाळ्यांच्या अभ्यासात कारखान्यांचीच गणना होते. ज्यांच्या जमिनीवर व पाण्यावर हे जाळे उभे आहे त्यांना त्यात क्वचितच स्थान मिळते. ही त्या अभ्यासांतील उणीव म्हणावी लागेल.

ऊस, कारखाना व गुऱ्हाळ

मोटारी आणि रसायने येण्यापूर्वीपासून या परिसरात उसाचे जाळे आहे. दौंड तालुक्यात पाटस येथील भीमा सहकारी साखर कारखाना, शिरूर तालुक्यात न्हावरे येथील घोडगंगा कारखाना आणि त्यांच्या भोवतीचे ऊस उत्पादक यांची घडण एकत्रच झाली. साखर कारखान्याला ऊस तोडल्यावर लवकर गाळावा लागतो, कारण उशिराने वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतात. म्हणून कारखाना उसाच्या जवळ आणि ऊस कारखान्याच्या जवळ, असे दोघेही एकमेकांना धरून वाढले. तोडणीच्या टोळ्या, त्यांचे मुकादम, हंगामापूर्वी दिली जाणारी उचल आणि वाहतुकीची कंत्राटे ही सारी व्यवस्था याच घाईतून निर्माण झाली. कारखाना बंद पडला की शेतकऱ्याला वर्षभर राखलेला ऊस दूरवर पाठवावा लागतो. या तालुक्यांनी तो अनुभवही घेतला आहे.

दौंड तालुक्यातील केडगाव, यवत, राहू, पारगाव या पट्ट्यात गुऱ्हाळे मोठ्या संख्येने आहेत. चुलवाणावरील काहिलीत रस आटवून गूळ करणारे हे लहान उद्योग मोठ्या कारखान्याचे स्पर्धकही आहेत आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने सुरक्षेचा मार्गही आहेत. साखर कारखान्याला ऊस नियंत्रण आदेशानुसार रास्त व किफायतशीर दर १४ दिवसांत द्यावा लागतो. गुऱ्हाळ त्या बंधनात येत नाही. तरीही तोडीची पाळी लांबली, पैशांची निकड असली किंवा शेत दुसऱ्या पिकासाठी मोकळे करायचे असले की शेतकरी गुऱ्हाळाकडे वळतो. विकण्याचे दुसरे ठिकाण असणे हेच त्याचे बळ आहे. एकाच ग्राहकासाठी साचे घडवलेल्या यंत्रशाळेला नेमके तेच नसते. गुऱ्हाळांत इंधन म्हणून चिपाडाऐवजी प्लॅस्टिकचा कचरा जाळल्याच्या तक्रारीही या भागात झालेल्या आहेत.

साखरेचे जाळे आता रसायनांच्या जाळ्याला जाऊन मिळते. मळीपासून अल्कोहोल होते आणि अल्कोहोल व अमोनिया यांच्या संयोगातून इथिल अमाइन गटातील रसायने तयार होतात. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण सरकारने वाढवत नेल्यावर आसवन्यांना तेल कंपन्यांच्या रूपाने नवा मोठा ग्राहक मिळाला आणि रासायनिक उद्योगाला त्याच अल्कोहोलसाठी चढाओढ करावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या टंचाईच्या शक्यतेने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने निर्बंध आणले, तेव्हा त्यासाठी यंत्रसामग्री उभारलेल्या कारखान्यांची अडचण झाली. शेतातील पावसाचा परिणाम असा साखरेमार्फत औषधांच्या कच्च्या मालापर्यंत पोहोचतो.

नियोजित समूह

केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात इलेक्ट्रॉनिक्स उत्पादन समूहास मंजुरी जाहीर केली. २९७.११ एकर क्षेत्रावरील या प्रकल्पाचा खर्च ४९२.८५ कोटी रुपये असून त्यातील २०७.९८ कोटी रुपये केंद्राकडून अपेक्षित होते. आयएफबी रेफ्रिजरेशन या कंपनीला ४० एकरांसह आधारभूत उद्योगाचे स्थान देण्यात आले. आधी एक मोठा उद्योग आणावा, मग त्याच्या सावलीत लहान उद्योग वाढतील, ही या योजनेमागील कल्पना आहे. रस्ते, वीज, पाणी व चाचणीच्या सोयी शासन उभारू शकते. पुरवठादाराने स्वतः आराखडा करण्याइतकी मजल मारणे हे मात्र मंजुरीच्या आदेशाने होत नाही. त्यासाठी खरेदीदाराने अनेक वर्षे टिकून राहून शिकवण्याची तयारी ठेवावी लागते.

देयके आणि सामर्थ्यातील विषमता

लहान पुरवठादाराच्या वाढीत तंत्राइतकाच अडथळा वेळेवर न मिळणाऱ्या पैशांचा असतो. माल दिल्यानंतर तीन-चार महिने बिल थकले तर पुरवठादार प्रत्यक्षात मोठ्या ग्राहकाला बिनव्याजी कर्जच देत असतो, आणि स्वतः मात्र बँकेला व्याज भरतो. नव्या यंत्रासाठी किंवा कुशल टूलमेकरच्या पगारासाठी त्याच्याकडे काही उरत नाही. परिणामी तो वर्षानुवर्षे दिलेल्या आराखड्यावरच काम करत राहतो. यात खरेदीदाराचेही नुकसान आहे. पण ते त्याच्या त्या वर्षीच्या ताळेबंदात दिसत नाही.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ अन्वये सूक्ष्म व लघु पुरवठादाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँकदराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज द्यावे लागते. तक्रार करण्याची सोय असली तरी ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी त्याच्याविरुद्ध तक्रार नोंदवण्यास फार थोडे लोक धजावतात. ही अडचण ओळखून २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर अधिनियम, १९६१ च्या कलम ४३ब मध्ये नवी तरतूद केली. मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही. ती प्रत्यक्ष दिली जाईल त्याच वर्षी वजावट मिळते. ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून अमलात आली. पुरवठादाराने तोंड उघडण्याची गरज येथे उरत नाही. तथापि मध्यम उद्योग आणि निव्वळ व्यापार करणाऱ्या संस्था तिच्या कक्षेत येत नाहीत. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची व्याख्या २५ कोटी रुपये गुंतवणूक व १०० कोटी रुपये उलाढाल इतकी विस्तारल्याने पूर्वी मध्यम गणले जाणारे बरेच पुरवठादार आता तिच्या संरक्षणात येऊ शकतात. मात्र त्यासाठी त्यांची उद्यम नोंदणी झालेली असावी लागते.